सजगतेच्या मापनी : स्वनिवेदन प्रश्नावल्यांची तौलनिक चिकित्सा

सजगता मोजण्याचा दावा करणाऱ्या प्रमुख प्रश्नावल्या अवघ्या आठ वर्षांत निर्माण झाल्या. २००१ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे पहिली उल्लेखनीय प्रश्नावली सिद्ध झाली. २००३ मध्ये ब्राऊन व रायन यांची 'सजग अवधान मापनी', २००४ मध्ये बेअर व सहकारी यांची 'केंटकी मापनी', २००६ मध्ये त्याच गटाची 'पंचांगी प्रश्नावली' व लाऊ आदींची 'टोरांटो मापनी', आणि २००८ मध्ये कार्दाचोतो आदींची 'फिलाडेल्फिया मापनी' व चॅडविक आदींची 'साउदॅम्प्टन प्रश्नावली' प्रसिद्ध झाली. एकाच मनोधर्माच्या मापनासाठी इतकी साधने इतक्या थोड्या काळात तयार व्हावीत, ह्यावरून त्या मनोधर्माविषयीचे औत्सुक्य जसे दिसते, तसेच त्याच्या स्वरूपाविषयी एकमत नसल्याचेही दिसते. उष्णतामापक यंत्रे अनेक असली तरी ती सर्व एकाच उष्णतेविषयी बोलतात. सजगतेच्या प्रश्नावल्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

ही चिकित्सा केवळ ग्रंथगत स्वरूपाची राहू नये, म्हणून तिला एक स्थान देणे इष्ट होईल. कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस असलेले कळंबा हे गाव तेथील तलावाइतकेच तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे सर्वपरिचित आहे. त्याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातील आळते येथे विपश्यनेचे केंद्र असून तेथे दहा दिवसांची मौन शिबिरे भरतात. भारतीय कारागृहांत विपश्यनेचा प्रवेश नवा नाही. जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९७५ मध्ये सत्यनारायण गोयंका यांनी पहिले शिबिर घेतले. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९४ च्या एप्रिलमध्ये हजारावर बंदिजनांचे शिबिर झाले, आणि तिहारमधील मानसिक परिणामांचा अभ्यास १९९८ मध्ये इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने प्रसिद्ध केला. त्या वेळी वर उल्लेखिलेल्या प्रश्नावल्यांपैकी एकही अस्तित्वात नव्हती. आज असा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती मात्र त्यांतील एखादी प्रश्नावली सहजच येते. ती मराठीत उतरवून कळंब्याच्या बंदिजनांपुढे अथवा गावातील रहिवाशांपुढे ठेवली, तर मिळणारा अंक नेमका कशाचा असेल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१

प्रथम साधनांचे स्वरूप पाहावयास हवे. बुखहेल्ड, ग्रॉसमन व वालाख यांची फ्रायबुर्ग प्रश्नावली मुळात ३० विधानांची असून ती विपश्यना शिबिरांतील साधकांवर पारखलेली होती. अर्थात तिच्यातील काही विधाने साधनेचा अनुभव गृहीत धरतात. ज्याने कधी ध्यानास बैठक मारली नाही, त्याला त्यांचा अर्थ भलताच लागण्याचा संभव असतो. ही अडचण ओळखून २००६ मध्ये तिचे १४ विधानांचे लघुरूप करण्यात आले. तरीही ली, बोवेन व मार्लाट यांनी २००५ मध्ये अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तिचा उपयोग केला तेव्हा धूम्रपान करणारे व वारंवार अतिमद्यपान करणारे विद्यार्थी इतरांहून अधिक 'सजग' ठरले. शरीरातील संवेदना लक्षात येतात काय, ह्या प्रश्नास साधकही होकार देतो आणि नशेच्या शारीरिक सुखाकडे लक्ष लागलेला तरुणही होकार देतो. होकार एकच, त्यामागील मनोव्यापार मात्र परस्परविरुद्ध आहेत.

ब्राऊन व रायन यांची मापनी १५ विधानांची असून तिचा गुण एकच येतो. तिची सर्व विधाने नकारात्मक आहेत, म्हणजे ती सजगतेविषयी नव्हे तर तिच्या अभावाविषयी विचारतात : वस्तू धांदलीत हातून पडतात काय, नाव ऐकताच विसरले जाते काय, कामे यंत्रवत् उरकली जातात काय, खाताना खाण्याचे भान नसते काय. उत्तरासाठी 'जवळजवळ नेहमी' पासून 'जवळजवळ कधीच नाही' पर्यंत सहा पायऱ्या असतात. ह्या रचनेचे समर्थन कर्त्यांनी केलेले आहे. बेसावधपणाचे अनुभव सर्वांनाच परिचित असल्यामुळे त्यांविषयीचे उत्तर देणे सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय झेन साधकांचे गुण त्यांच्याशी जुळविलेल्या इतर प्रौढांपेक्षा वरचढ आले, हा पुरावाही त्यांनी दिला. ह्या मापनीची आटोपशीर मांडणी व अंतर्गत सुसंगती वाखाणण्याजोगी आहे, ह्यात संशय नाही.

परंतु अभावाचा अभाव म्हणजे भाव, हे तर्कशास्त्रातील सूत्र मानसशास्त्रात जसेच्या तसे लागू पडत नाही. ज्याच्या हातून पेला पडत नाही तो सजगच असतो असे नाही. तो कदाचित फार जपून वागणारा, धास्तावलेला, किंवा निव्वळ सवयीने कुशल झालेला असू शकतो. ह्याच मुद्द्यावर ग्रॉसमन यांनी २०११ मध्ये कठोर आक्षेप घेतला. दैनंदिन व्यवहारात आपले लक्ष किती वाईट असते ह्याविषयी माणसाचे जे मत, त्यालाच येथे सजगता ही संज्ञा दिली गेली आहे, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ आहे. स्वतः ग्रॉसमन हे फ्रायबुर्ग प्रश्नावलीच्या कर्त्यांपैकी एक असल्यामुळे ह्या आत्मपरीक्षणास विशेष वजन आहे.

पंचांगी प्रश्नावलीचा मार्ग निराळा आहे. बेअर व सहकारी यांनी आधीच्या पाच प्रश्नावल्यांतील ११२ विधाने एकत्र करून ती ६१३ विद्यार्थ्यांना दिली व घटक-विश्लेषणाने त्यांतून पाच अंगे वेगळी काढली : निरीक्षण, शब्दांकन, सभान कृती, निवाडा न करणे व प्रतिक्रियेच्या आहारी न जाणे. एकूण विधाने ३९ निवडली गेली. विविध साधनांचा असा समन्वय साधणे हे श्रमाचे व उपयुक्त कार्य होते. तथापि घटक-विश्लेषण जे घातले असेल तेच गाळून देते, ही त्या पद्धतीची अंगभूत मर्यादा विसरता येत नाही. पाच प्रश्नावल्यांच्या कर्त्यांना जे सुचले नव्हते ते सहाव्या प्रश्नावलीत प्रकट होणे शक्य नव्हते. विशेष म्हणजे निरीक्षण हे अंग, जे परंपरेच्या दृष्टीने सर्वांत पायाभूत, तेच साधना न करणाऱ्यांच्या बाबतीत इतर अंगांशी जुळून आले नाही. साधकांच्या बाबतीत मात्र जुळले. ह्याचा अर्थ असा की एकच विधान दोन प्रकारच्या माणसांत दोन निरनिराळ्या गोष्टी मोजते. व्हॅन डॅम व सहकारी यांनी २००९ मध्ये ह्यास आणखी एक पुस्ती जोडली. साधक नसलेले उत्तरदाते सजगतेची विधाने मान्य करण्यापेक्षा बेसावधपणाची विधाने नाकारण्यास अधिक तत्पर असतात. साधकांत ही तफावत तशी आढळत नाही. विधान सुलटे की उलटे ह्यावर जर अंक अवलंबून राहत असेल, तर दोन गटांची तुलना त्या अंकावर कशी उभी करावयाची ?

फिलाडेल्फिया मापनीत जाणीव व स्वीकार ह्या दोनच घटकांसाठी २० विधाने आहेत व त्यांचे गुण स्वतंत्र ठेवले जातात. टोरांटो मापनी १३ विधानांची असून ती स्वभावाविषयी काही विचारीत नाही. नुकत्याच संपलेल्या बैठकीत काय अनुभवास आले, एवढेच विचारते. ह्या दोन्ही साधनांचा दावा तुलनेने माफक आहे, आणि म्हणूनच तो अधिक सांभाळता येण्यासारखा आहे.

२

आता भाषेचा प्रश्न. ज्या पाली शब्दाभोवती हा सर्व पसारा उभा राहिला तो 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृति'चे रूप आहे. त्यात वर्तमानाचे भान आहे तसेच स्मरणही आहे : काय करावयाचे ठरविले होते, काय कुशल व काय अकुशल, ह्याची आठवण. धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या विद्वानांनी बौद्ध वाङ्मय मराठीत आणल्यामुळे ही परंपरा मराठी वाचकास परकी नाही. परंतु पाश्चात्त्य प्रश्नावल्यांतील कल्पना थेट त्या परंपरेतून आलेली नाही. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी सुरू केलेल्या ताणनिवारण कार्यक्रमातून ती मुख्यतः घडली आहे, आणि तिच्यात निवाडा न करण्यावर विशेष भर पडलेला आहे. ती कल्पना इंग्रजीतून मराठीत आणताना तिला मराठी शब्द कोणता द्यावयाचा ?

येथे प्रत्येक पर्यायाची स्वतःची ओढ आहे. 'सावध' म्हटले की मराठी मनात धोका, फसवणूक, आडवाट यांची चाहूल लागते. 'सावधान' हा शब्द तर मंगलाष्टकांतला आणि कवायतीतलाही. तो ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या समर्थांची आख्यायिका आठवते, अथवा टाचा जुळतात. कारागृहात, शाळेत वा पोलीस मैदानावर हा हुकूम देहाला ताठ करतो. मनाला मोकळे करीत नाही. 'जागरूक' हा शब्द नागरिक, मतदार व ग्राहक यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखा झाला आहे. 'ध्यान' हा शब्द कोल्हापूरकडील बोलीत लक्ष ह्या अर्थाने रोजचा असला तरी गबाळ्या माणसालाही 'काय ध्यान आहे' असेच म्हणतात. 'अवधान' हा सर्वांत भारदस्त पर्याय होय. पण ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे जे अवधान मागतात ते बोलणाऱ्याकडे वळलेले आहे, स्वतःच्या मनाकडे नव्हे. 'भान' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. तथापि मराठीत भान प्रायः सुटते, हरपते किंवा राहत नाही, आणि भजनात ते हरपणे हा दोष नसून भाग्य मानले जाते. टाळमृदंगाच्या नादात देहभान विसरलेला वारकरी ब्राऊन व रायन यांच्या मापनीवर बेसावध ठरेल. त्याच्या स्वतःच्या मते तो त्या घटकेइतका जागा कधीच नव्हता.

शब्दांची ही अडचण उलट भाषांतराच्या रूढ पद्धतीने सुटत नाही. इंग्रजीतून मराठीत व मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणलेले विधान मूळ विधानाशी तंतोतंत जुळले, तरी त्यावरून दोन भाषा जाणणाऱ्या भाषांतरकारांचे एकमत तेवढे सिद्ध होते. उत्तरदात्याने काय समजून खूण केली हे त्यावरून कळत नाही. नाव विसरण्याविषयीचे विधान घ्यावे. कळंब्यासारख्या गावात नव्याने भेटलेला माणूस बहुधा नावाने नव्हे, तर पाहुणे, दादा, मावशी, अमक्याचे जावई अशा नात्याने ओळखला जातो. नाव न आठवणे हे तेथे लक्ष नसल्याचे गमक ठरत नाही. तीच गोष्ट सहा पायऱ्यांच्या उत्तरांची. 'काहीसे क्वचित' व 'फार क्वचित' यांतील अंतर मराठी बोलणाऱ्यास कृत्रिम वाटते. आणि 'भान नसते' ह्या विधानास 'जवळजवळ कधीच नाही' असे उत्तर देताना दोन नकारांची जी गाठ बसते ती सुशिक्षितालाही क्षणभर अडविते.

पंचांगी प्रश्नावलीतील शब्दांकनाचे अंग ह्याहून अधिक विचारार्ह आहे. भावना शब्दांत मांडता येणे हे तेथे सजगतेचे अंग मानले आहे. परंतु शब्दांकन ही भाषिक कुशलता आहे, आणि ती कोणत्या प्रकारची मानावयाची हे संस्कृतीवर अवलंबून राहते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली बाई 'मला चिंता वाटते' असे म्हणणार नाही. 'काळजात धस्स झालं', 'जीव वरखाली होतोय', 'अंगाची लाही झाली' असे म्हणेल. ह्या उक्तींत शरीराचे जे सूक्ष्म निरीक्षण आहे ते वेदनानुपश्यनेच्या जवळ जाणारे आहे; तरी भावनांना नावे देता येतात काय, ह्या प्रश्नास ती नकार देण्याचा संभव अधिक. अशा प्रसंगी कमी पडते ते साधन, उत्तर देणारी स्त्री नव्हे. थायलंड व अमेरिका येथील विद्यार्थ्यांची तुलना करणाऱ्या २००९ मधील अभ्यासात, ज्यात क्रिस्टोफर व सहकारी यांनी केंटकी मापनीही वापरली होती, दोन ठिकाणची सजगतेची कल्पना एकच नसल्याचा निष्कर्ष निघाला. जेथे बौद्ध परंपरा जिवंत आहे तेथेच हे साधन अडखळावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

३

ह्या सर्व शंका कारागृहाच्या भिंतीआड अधिक तीव्र होतात. बंदिजनाचा दिवस त्याचा स्वतःचा नसतो. उठणे, मोजणी, जेवण, काम व बंदी ह्या सर्वांच्या वेळा ठरलेल्या असतात. घाईघाईने कामे उरकता काय, जाण्याचे ठिकाण मनात ठेवून वाटेकडे दुर्लक्ष करता काय, ह्या प्रश्नांना त्याच्या जीवनात आधारच राहत नाही. त्यामुळे त्याचे गुण वाढले तर ते साधनेने वाढले की परिस्थितीने, हे ठरविणे दुर्घट होते.

निवाडा न करण्याच्या अंगाची अडचण ह्याहून खोल आहे. आपण असे वाटून घेता कामा नये, आपले विचार वाईट आहेत, असे स्वतःस बजावणाऱ्यास त्या अंगात कमी गुण मिळतात. सामान्य विद्यार्थ्याच्या बाबतीत असे बजावणे आत्मपीडेचे लक्षण असू शकेल. पण ज्याच्या हातून मनुष्यवध झाला आहे, त्याने रात्री स्वतःस दोष देणे हे सजगतेच्या उणिवेचे चिन्ह मानावयाचे काय ? विपश्यनेच्या शिबिराचा आरंभ पंचशील ग्रहण करून होतो. तेथे समता शिकविली जाते, पण कुशल-अकुशलाचा विवेक पुसून टाकला जात नाही. पश्चात्तापाचे पहिले पाऊल ज्या मापनीवर अधोगती म्हणून नोंदले जाते, ती मापनी कारागृहात नेण्यापूर्वी पुनर्विचार अवश्य आहे.

उत्तराचे स्वातंत्र्य हा तिसरा मुद्दा. स्वनिवेदनाची सर्व पद्धती एका करारावर उभी आहे : उत्तर देणाऱ्यास खोटे बोलण्याचे कारण नसावे. न्यायाधीन बंद्याच्या डोक्यावर निकाल टांगलेला असतो. सिद्धदोष बंद्याच्या मनात माफी, संचित रजा वा अभिवचन रजा यांचा हिशेब असतो. प्रश्नावली गुप्त राहील असे संशोधकाने कितीही सांगितले तरी ती कोणाच्या परवानगीने आत आली हे बंद्याला दिसतच असते. सुधारलेला माणूस कोणती उत्तरे देईल हे ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नाही. त्यातून मिळणारा अंक सजगतेपेक्षा परिस्थितीचे अचूक आकलन दाखवील.

आणि ह्याच्या उलट बाजूने एक प्रामाणिक विपर्यासही संभवतो. दहा दिवस श्वासाकडे पाहत बसलेल्या माणसाला प्रथमच कळते की आपले मन किती वेळा पळते. पूर्वी तो स्वतःस पुरेसा सावध समजत होता; आता तो तसे म्हणण्यास कचरतो. त्याचे गुण उतरतात, कारण त्याच्या मनातील माप बदललेले असते. म्हणजे एकाच शिबिरातून बाहेर पडलेल्या दोघांपैकी ज्याने काही शिकले त्याचा अंक खाली जाईल आणि ज्याने केवळ भाषा उचलली त्याचा वर जाईल, अशी शक्यता उरते. गोल्डबर्ग व सहकारी यांचा २०१६ चा प्रयोग ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. सजगतेच्या शिक्षणक्रमातील व्यक्तींचे पंचांगी प्रश्नावलीवरील गुण वाढले हे खरे. परंतु सजगतेचा ज्यात अंतर्भाव नव्हता अशा आरोग्यविषयक शिक्षणक्रमातील व्यक्तींचेही ते तसेच वाढले. प्रतीक्षेत ठेवलेल्यांहून दोन्ही गट सरस ठरले, पण परस्परांहून भिन्न ठरले नाहीत.

४

तर मग ह्या प्रश्नावल्या टाकाऊ समजावयाच्या काय ? तसे मानणे अन्यायाचे होईल. अंतर्मनातील व्यापाराविषयी त्या मनाच्या धन्यासच विचारणे हे अटळ आहे. बाहेरून पाहणाऱ्यास मिटलेले डोळे दिसतात, त्यांआडची झोप व जागृती सारखीच दिसते. प्रश्न विचारण्याचा नसून उत्तरावर किती भार टाकावयाचा ह्याचा आहे. ह्या कसोटीवर तुलना केली असता काही निष्कर्ष मांडता येतात.

साधनेचा अनुभव असलेल्यांसाठी, म्हणजे आळत्याच्या केंद्रात शिबिरे केलेल्यांसाठी, फ्रायबुर्ग प्रश्नावली तिच्या उगमामुळे अधिक सुसंगत आहे. इतरांसाठी ती दिशाभूल करणारी ठरू शकते. ब्राऊन व रायन यांची मापनी अवधानातील चुकांची नोंद म्हणून उपयोगी आहे, आणि त्याच नावाने तिचा निर्देश व्हावा. पंचांगी प्रश्नावलीतील पाच अंगांची बेरीज करण्याची प्रथा सोडून प्रत्येक अंगाचे गुण स्वतंत्र मांडावेत. फिलाडेल्फिया मापनीने हाच मार्ग पत्करला आहे. शिबिराच्या तात्काळ परिणामासाठी टोरांटो मापनी त्यांतल्या त्यात निर्धोक होय, कारण ती नुकत्याच घडलेल्या अनुभवापलीकडे जात नाही.

ह्यांपैकी कोणतेही साधन मराठीत आणताना भाषांतराच्या आधी श्रवण हवे. कळंब्यातील वा अन्य ठिकाणच्या वीस-पंचवीस व्यक्तींस प्रत्येक विधान वाचून दाखवावे, त्यांनी काय अर्थ घेतला हे त्यांच्याच शब्दांत बोलून दाखविण्यास सांगावे, आणि त्या बोलीतून विधानांची पुनर्रचना करावी. विधाने सुलटी व उलटी अशी दोन्ही असावीत. साधक व असाधक यांच्यात मापनी एकाच रीतीने चालते असे दाखविल्यावाचून त्यांच्या सरासरींची तुलना करू नये. जेथे शक्य असेल तेथे वर्तनाची जोड द्यावी. लेव्हिन्सन व सहकारी यांनी २०१४ मध्ये पुढे आणलेली श्वास मोजण्याची कसोटी ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. उत्तरदात्याने आठ श्वासांपर्यंत एक कळ व नवव्यास दुसरी कळ दाबावयाची असते, आणि मोजणी चुकली की मन कोठे भरकटले ते आपोआप नोंदले जाते. त्या कसोटीस इंग्रजी अथवा मराठी कळण्याची फारशी गरज पडत नाही.

अमेरिकेत सिएटलजवळच्या एका सुधारगृहातील विपश्यना शिबिरांचा अभ्यास बोवेन व सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुटकेनंतर तीन महिन्यांनी मद्य व अमली पदार्थांचे सेवन किती राहिले हे विचारले होते. तेही स्वनिवेदनच होते. परंतु किती दिवस प्यालो ह्या प्रश्नाचे उत्तर आणि मी किती सजग आहे ह्या प्रश्नाचे उत्तर यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात मोजण्याजोगी कृती आहे. दुसऱ्यात स्वतःविषयीचे मत आहे.

शेवटी एक पथ्य कोणत्याही परिस्थितीत पाळले जावे. ह्या प्रश्नावल्यांचे गुण बंद्याच्या माफीशी, रजेशी वा वर्तणुकीच्या नोंदीशी कधीही जोडले जाऊ नयेत. ज्या मापनीचे कर्तेच तिच्या अर्थाविषयी अद्याप वाद घालीत आहेत, तिच्यावर कोणाच्या सुटकेचा दिवस अवलंबून ठेवणे शास्त्राला शोभणारे नाही. आणि तसे झाले तर त्या दिवसापासून मिळणारे प्रत्येक उत्तर संशोधनाच्या दृष्टीनेही निरुपयोगी होईल.